घरच्या संगणकासाठी टेप घ्यावी काय?



राजाने गाव किंवा जमीन दान दिली की तिचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दान घेणाऱ्याच्या हाती देत असत. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवायची आणि कडीवर राजमुद्रा ठोकायची, म्हणजे मधलाच एखादा पत्रा कुणाला बदलता येणार नाही. आमच्या भद्रावतीला जुने लोक अजून भांदकच म्हणतात. या भांदकला असे ताम्रपट सापडले आहेत. ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे, शके ६९४ चे, म्हणजे इ.स. ७७२ चे. त्या राजाच्या कचेरीत दानाची नोंद आणखी कशाकशावर ठेवली असेल, त्यातले आज काही उरलेले नाही. उरली ती दान घेणाऱ्याच्या हाती दिलेली प्रत.

शाळेत इतिहास शिकवताना मी मुलांना विचारायचो की तांबेच का? उत्तरे ठरलेली असत: वाळवी लागत नाही, पाण्याने भिजत नाही. हुशार मुलगा असला तर म्हणायचा, "गुरुजी, पण तांबे मोडीत विकले जाते." तेही खरेच. टिकाऊ वस्तूलाही वेगळे धोके असतात.

हे सगळे आज आठवायचे कारण म्हणजे आमच्या घरात काही महिन्यांपासून चाललेली एक चर्चा. घरच्या संगणकात जे साठवले आहे त्याची प्रत ठेवण्यासाठी टेप ड्राइव्ह घ्यावा की काय, असा तो विषय. पुतण्या पुण्याला संगणकाच्याच नोकरीत आहे. तो म्हणतो, "काकाजी, मोठमोठ्या कंपन्या अजूनही टेपच वापरतात. तुमच्या कामाचे मोल पाहता तुम्हीही घ्याच." मुलगी नागपूरला असते. तिचे म्हणणे, "बाबा, आता टेप कोण वापरतो? सगळे क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा." मी मराठी माध्यमाचा बी.ए. यंत्राच्या पोटातले मला फार कळत नाही. पण एखादी वस्तू टिकते कशी आणि हरवते कशी, हा प्रश्न इतिहासाचाच आहे, म्हणून गेले काही महिने मी त्यामागे लागलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी राखायचे काय आहे ते सांगतो. १९८३ पासून पुढे वीसएक वर्षे मी भद्रावती आणि वरोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. त्या ६१ कॅसेट आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, शेतात पडलेल्या वीरगळांची छायाचित्रे आणि २००२ पासून संगणकावर टंकलेली टिपणे वेगळी. आता हे सगळे संगणकात आणले आहे, कुटुंबाचे फोटो आणि लग्नांच्या चित्रफिती धरून सातएकशे जीबी होते. ओव्या म्हणणाऱ्या बहुतेक बाया आता नाहीत. गिरणी आल्यावर जाते बंद पडले, त्यामुळे त्यांच्या सुनांना त्या ओव्या आल्याच नाहीत. या साठ्याला बाजारात कवडीची किंमत नाही, पण यातले पुष्कळसे दुसरीकडे कुठेही नाही. त्यामुळे खरेदीचा हा प्रश्न मला साधा वाटत नाही.

टेपची कुळकथा

टेप म्हटले की आपल्या पिढीला टेपरेकॉर्डर आठवतो. त्याचे मूळ जर्मनीत आहे. १९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या माणसाने कागदाच्या पट्टीवर लोहभुकटीचा लेप देऊन आवाज साठवण्याची युक्ती काढली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांनी पाहिले. संगणकाकडे ही कल्पना १९५१ मध्ये आली. अमेरिकेच्या युनिव्हॅक संगणकाची टेप चक्क धातूची होती, फॉस्फर ब्राँझची पट्टी आणि वर निकेलचा मुलामा. ब्राँझ म्हणजे तांब्याचाच मिश्रधातू. हे वाचले तेव्हा मला हसू आले. बाराशे वर्षांनी माणूस पुन्हा ताम्रपटावरच आला म्हणायचा! पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आयबीएमने प्लास्टिकच्या पट्टीवर लेप दिलेली टेप आणली, आणि पुढे तीच रूढ झाली.

घरगुती कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणली. पुढे ती गाण्यांसाठी घरोघरी गेली आणि छोट्या संगणकांनीही तिचाच आसरा घेतला. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक निवडक शाळांना मिळाले. त्या संगणकाला साधा कॅसेटप्लेअर जोडून आज्ञावली साठवता येत असे. टेप वाजवून ऐकली तर नुसती किरकिर ऐकू यायची, पण संगणकाला तीच भाषा कळायची.

घरच्या संगणकासाठी खास टेप ड्राइव्ह १९९० च्या दशकात आले. पाव इंच रुंदीच्या पट्टीचे काडतूस असे, आणि ड्राइव्ह फ्लॉपीच्याच तारेला जोडला जाई. त्यातल्या क्यूआयसी-८० नावाच्या प्रकारात ८० ते १२० एमबी मावत. आज मोबाइलवरच्या एका छोट्या चित्रफितीला तेवढी जागा लागते. पुढे ट्रॅव्हन आले, आयोमेगाचा डिट्टो आला. मग सीडी आणि डीव्हीडी स्वस्त झाल्या, हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, आणि घरातून टेप गेली.

कचेऱ्यांतून मात्र गेली नाही. २००० साली एचपी, आयबीएम आणि सीगेट या कंपन्यांनी मिळून एलटीओ नावाची टेप आणली. पहिल्या पिढीच्या एका टेपमध्ये १०० जीबी मावत. नवव्या पिढीत, २०२१ मध्ये, १८ टीबी मावू लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खातेदारांचा पत्रव्यवहार अचानक दिसेनासा झाला. खातेदारांपैकी शेकडा ०.०२ इतकेच ते होते. गुगलने तो मजकूर परत आणला तो टेपवरून. चूक आज्ञावलीत होती आणि ती चालू असलेल्या अनेक प्रतींपर्यंत पोचली होती. फडताळात निवांत पडलेल्या टेपपर्यंत ती पोचू शकली नाही. पुतण्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, ते असे.

डब्यावरचा आकडा

आता खरेदीकडे वळू. डब्यावर दोन आकडे छापलेले असतात. नवव्या पिढीच्या टेपवर १८ आणि ४५. पहिला आकडा खरा, दुसरा 'दाबून भरले तर' असा. साधा मजकूर चांगला दबतो, कारण भाषेत तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. पण फोटो, गाणी आणि चित्रफिती साठवतानाच दाबलेल्या असतात. पिळून काढलेल्या धोतरातून आणखी पाणी कुठून निघणार? घरच्या साठ्यात फोटोच जास्त, म्हणून दुसरा आकडा वाचूच नये.

दुसरी गोष्ट लिहिण्याच्या पद्धतीची. आठव्या पिढीची टेप ९६० मीटर लांब, जवळजवळ एक किलोमीटर. तिच्यावर ६,६५६ तास पडतात. शेतकरी नांगर धरून बांधापर्यंत जातो, बैल वळवतो आणि शेजारच्या तासाने परत येतो, अगदी तसेच लेखन टेपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि उलटे परत येते. बैल मधेच थांबवले तर तास बिघडतो. इथेही तसेच. संगणकाने वेगाने मजकूर पुरवला नाही तर टेपला थांबावे लागते, मागे यावे लागते, पुन्हा धावावे लागते, आणि त्यात पट्टी आणि वाचणारे डोके दोन्ही झिजतात. म्हणजे नुसता ड्राइव्ह घेऊन भागत नाही, त्याला वेगाने खाऊ घालणारा संगणकही हवा. शिवाय बहुतेक ड्राइव्हची जोडणी घरच्या संगणकाला नसतेच, वेगळे कार्ड बसवावे लागते.

तिसरी गोष्ट पैशाची. टेप स्वस्त, काही हजारांची. पण नवा ड्राइव्ह लाखांच्या घरात. ज्याला शेकडो टीबी साठवायचे आहेत त्याला हे परवडते, कारण एका ड्राइव्हवर शंभर टेपा लिहिता येतात. सातशे जीबीसाठी हे म्हणजे ओंजळभर तांदळासाठी कोठार बांधणे.

चौथी गोष्ट आमच्या हवामानाची. टेप दीर्घकाळ ठेवायची तर खोली साधारण १६ ते २५ अंशांत आणि कोरडी असावी असे सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो आणि दीड महिन्यात पावसाची दमट हवा येते. लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवर धरलेली पांढरी बुरशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वर कोळशाच्या खाणींची धूळ आहेच.

टेपचा एक गुण मात्र मला फार आवडतो. ती कपाटात ठेवली की तिचा कुठल्याही तारेशी संबंध राहत नाही. व्हायरस आला, वीज कडाडली, व्होल्टेज चढले, तरी तिला काही होत नाही. आणि तिला लेखनबंदीची खिट्टी असते. कॅसेटच्या पाठीचे दोन चौकोनी कान मोडले की वरून कुणाला 'चोली के पीछे' भरता येत नसे, तशीच ही सोय. हार्ड डिस्कला अशी खिट्टी क्वचितच असते.

वाचणारा उरला पाहिजे

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडले ते वेगळ्याच गोष्टीने. एलटीओचा ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत असे. आठव्या पिढीचा ड्राइव्ह मागची एकच पिढी वाचू लागला. आणि २०२५ मध्ये दहावी पिढी आली, तिचा ड्राइव्ह नवव्या पिढीची टेप वाचतच नाही. टेप तीस वर्षे टिकेल असे कंपनी सांगते, आणि ती टिकतही असेल. पण तीस वर्षांनी ती वाचणारे यंत्र कुणाकडे असेल?

इंग्लंडमध्ये याचे एक शिकवण्यासारखे उदाहरण घडले. विल्यम राजाने १०८६ साली राज्यातल्या जमीनजुमल्याची नोंद करून घेतली, ते डूम्सडे बुक. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंद केली. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावची माहिती गोळा केली. हे सगळे लेझरडिस्कवर ठेवले आणि ते पाहण्यासाठी त्याच बीबीसी मालिकेतला संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली, आणि मुलांनी जमवलेली माहिती सोडवून काढण्यासाठी २००२ च्या सुमारास संशोधकांना खास खटपट करावी लागली. नऊशे वर्षांची चामड्यावरची वही मात्र उघडली की वाचता येत होती.

यंत्र असले तरी लिपी यायला हवी. आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. पोथ्या मठांतून शाबूत राहिल्या, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्या शेकडो वर्षे मुक्याच होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी उकल केली, तेव्हा कुठे लीळाचरित्रासारखा गद्य ग्रंथ आपल्यासाठी उघडला. मोडीचे तर विचारूच नका. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद अफाट आहेत, आणि मोडी झरझर वाचणारे थोडे.

आता आपल्या संगणकात पाहा. २००२-०३ मध्ये आपण मराठी टंकायचो ते कुणी श्रीलिपीत, कुणी आकृतीत, कुणी कृतिदेवमध्ये. या फाँटांत रोमन अक्षराच्याच घरात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाँट असला तर मराठी दिसते, नसला तर रोमन अक्षरांची खिचडी. मी त्या काळात टंकलेली टिपणे हार्ड डिस्कवर सुखरूप आहेत, एक अक्षर पुसलेले नाही, आणि नातू ती उघडतो तर त्याला एक शब्द वाचता येत नाही. सकळ लिपी आणखी काय वेगळी असते? युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर 'क' च राहतो. देवनागरीला तो मान १९९१ मध्येच मिळाला होता, आपल्या घरात पोचायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली. म्हणून या उन्हाळ्यात नातवाच्या मदतीने सगळी जुनी टिपणे युनिकोडमध्ये आणली. अर्धे र आणि जोडाक्षरे बदलताना घोटाळे होतात, म्हणून मूळ फाइलही ठेवली आहे आणि फाँटही.

आठवणीतली प्रत

लीळाचरित्राची दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्यांना भेटून, पडताळून, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला. (याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे.) पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ग्रंथ पाठ होता अशा शिष्यांनी तो आठवणीतून पुन्हा उभा केला. त्यात हिराइसा नावाच्या बाईंचा पाठ फार नावाजलेला आहे. म्हणूनच आज लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ मिळतात. आठवणीतून आलेल्या प्रती तंतोतंत सारख्या नसतात, पण त्या नसत्या तर आज काहीच नसते.

याचा अनुभव मला छोट्या प्रमाणात आला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पाच कॅसेट एका दुकानात सीडी करून देण्यासाठी दिल्या होत्या. परत मिळाल्या चार. पाचवी सापडत नाही, एवढेच उत्तर मिळाले, आणि पुढे ते दुकानही उठले. त्या कॅसेटवर चंदनखेड्याच्या बाजूच्या एका आजींच्या ओव्या होत्या. आजी तोपर्यंत वारल्या होत्या. त्यांची भाची एका लग्नात भेटली तेव्हा मी सहज विषय काढला. ती आधी लाजली, मग पोळ्या लाटता लाटता एकेक म्हणत गेली. अकरा ओव्या तिला आठवल्या. माझ्या वहीत त्यातल्या चारांचे शब्द उतरवलेले होते, आणि त्या चारांतही दोन ठिकाणी फरक निघाला. आजींच्या ओवीत भाऊ वैरागडाहून येतो, भाचीच्या ओवीत तो नागपूरहून येतो. बरोबर कोणते? मी दोन्ही लिहून ठेवले.

असे पाठभेद तपासायचे कसे, हे शिकवणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. नकला होता होता त्यात अशुद्धे शिरली, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, प्रती मिळवून ती शुद्ध केली. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेच्या वर हस्तलिखिते त्यासाठी पाहिली. या कामाचे संपादक विष्णु सीताराम सुखठणकर. आणि गंमत म्हणजे, आमचा भांदकचा ताम्रपट वाचून प्रसिद्ध करणारेही हेच सुखठणकर! काश्मीरच्या प्रतीत झालेली चूक केरळच्या प्रतीत नसते, म्हणून दोन्ही समोर ठेवल्या की चूक कळते. सगळ्या प्रती एकाच घरात, एकाच माणसाने, एकाच दिवशी केल्या असत्या तर चूकही सगळीकडे एकच राहिली असती.

प्रती एका छपराखाली असण्याचा धोका काय, ते २१ जून २०१२ ला मुंबईत दिसले. मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे दगावली, फायलींचे गठ्ठे राख झाले. त्यानंतर कित्येक फायली नव्याने उभ्या कराव्या लागल्या. नासाची गोष्ट आणखी वेगळी. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या मूळ टेपा शोधायला निघाले, तर त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात असा निष्कर्ष २००९ मध्ये निघाला. तिथे आग लागली नव्हती की पूर आला नव्हता. कोऱ्या टेपांची टंचाई होती, आणि या टेपांवर काय आहे हे विचारणारा माणूस त्या दिवशी तिथे नव्हता.

मग ठरले काय?

टेप ड्राइव्ह घ्यायचा नाही. पुतण्याचे मन मोडले, पण टेपचे जे गुण त्याने सांगितले ते मी घेतले आहेत. पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक सोपा नियम आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक घराबाहेर. आमच्याकडे तो असा बसवला आहे.

दोन हार्ड डिस्क, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक इथे, एक नागपूरला. काम झाले की तार काढून ठेवायची, म्हणजे टेपसारखीच ती विजेपासून आणि व्हायरसपासून दूर. वर्षातून एकदा, महालक्ष्म्यांना सगळे घरी जमतो तेव्हा, अदलाबदल. नवी प्रत न्यायची, जुनी आणायची. मुलीच्या आग्रहाखातर ओव्यांचा भाग क्लाउडवरही ठेवला आहे, कारण आवाजाला जागा फार लागत नाही. तासाच्या कॅसेटला सहाएकशे एमबी, म्हणजे ६१ कॅसेट चाळीस जीबीच्या आत. ओव्यांचे शब्द, गाव, म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि वर्ष, हे सगळे कागदावर छापून बांधून घेतले. कागदाला ड्राइव्ह लागत नाही.

आणि प्रत नुसती ठेवायची नाही, उघडून वाचायची. अदलाबदलीच्या दिवशी कुठल्याही पाच ओव्या काढून सगळ्यांनी ऐकायच्या. ऐकू आल्या तर प्रत आहे, नाही तर तो नुसता डबा. दर पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायचे. पोथीची नक्कल करणारे तेच करत होते.

पुण्याच्या गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण आहे. तो साठा 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लोकांसमोर येत आहे. माझे काम त्याच्या नखाएवढेही नाही. पण ते उदाहरण पाहून एक कळले. जमवणाऱ्याच्या मागे कुणीतरी ते पुढे नेणारे होते, म्हणून ते आज ऐकू येते.

माझे वय आता शहात्तर. डिस्क कुठली घ्यावी हे ठरले, पण ती माझ्यानंतर कोण उघडणार, हे ठरायचे आहे. म्हणून नातलगांना आणि इथे नेहमी येणाऱ्या मित्रमंडळींना एक मागणे आहे. ओव्यांचा संच आणि त्याची छापील वही अशी आणखी दोन प्रती मी करतो आहे. ज्याला हव्या असतील त्याने कळवावे. अट दोनच. वर्षातून एकदा त्यातली एक तरी ओवी लावून ऐकायची, आणि आपल्यानंतर ती कुणाला द्यायची त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे. त्या पानावर मी माझे नाव आणि खाली चार कोऱ्या ओळी सोडल्या आहेत.

आणखी एक. तुमच्या घरात आई-आजीच्या आवाजाची एखादी कॅसेट पडली असेल तर या रविवारी काढा. आधी मागचे कान मोडा, मगच वाजवा. आणि आजी हयात असेल तर कॅसेट राहू द्या बाजूला, तिच्याजवळ जाऊन बसा.